विंडोजचं अपडेट फेल झालं? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशीची गोष्ट. नणंदा माहेरी आलेल्या, अंगणात झोका बांधलेला, आणि वरच्या पत्र्याच्या खोलीत माझा कॉम्प्युटर 'अपडेट चालू आहे, २७ टक्के' म्हणत बसलेला. दुपारी अडीचला वीज गेली. साडेतीनला आली तेव्हा २७ टक्केही नव्हते आणि डेस्कटॉपही नव्हता. मी अमळनेरला घरून टायपिंगचं आणि लग्नपत्रिकांचं काम करते. सात पत्रिका आत अडकल्या होत्या. सासूबाई वर येऊन डोकावल्या, "बठ्ठं गयं का व?" म्हणजे, सगळं गेलं का गं?

बठ्ठं गेलं नव्हतं, पण ते मला तेव्हा कळलं नाही. ज्या दुकानात नेला तिथल्या पोराने पाच मिनिटांत निकाल दिला: फॉरमॅट मारावं लागेल. मी हो म्हटलं. पत्रिका गेल्या त्या गेल्याच, मुलीचे बालवाडीपासूनचे फोटोही गेले. रात्री पुण्याच्या पुतण्याला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, "काकू, कोड काय आला होता?" मला वाटलं पिनकोड विचारतोय.

आमचं अमळनेर म्हणजे विप्रोचं जन्मगाव. १९४५ साली इथे वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे कॉम्प्युटरमध्ये गेली. त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं, इथे घरोघरी इंजिनिअर असतील. आहेत ना, पण ते सगळे पुण्याला. घरातला कॉम्प्युटर सांभाळायला आपणच उरतो. त्या आखाजीनंतर मी हे हळूहळू शिकले. आधी स्वतःच्या मशीनवर, मग गल्लीतल्यांच्या. खालचा क्रम मुद्दाम असा लावलाय की सुरुवातीच्या पायऱ्यांत बिघडायची भीती कमी आणि धोक्याचं काम शेवटी येतं. पायऱ्या गाळू नका. विंडोज १० आणि ११ दोन्हींना हा क्रम चालतो, फक्त सेटिंग्जमध्ये नावं थोडी इकडची तिकडे असतात.

हाताशी काय हवं

- वही-पेन, किंवा पडद्याचा फोटो काढायला मोबाईल
- फोटो आणि कामाच्या फायली कॉपी करायला पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क
- वेगळा, रिकामा, किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह. हा शेवटच्या पायऱ्यांसाठी. त्यातलं सगळं पुसलं जातं, म्हणून वरच्यात आणि ह्यात गल्लत करू नका
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड
- बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की
- लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला, डेस्कटॉप असेल तर चालू स्थितीतला यूपीएस

त्या ४८ आकड्यांबद्दल दोन शब्द. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो. अपडेट अर्धवट राहिलं किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) काही बदललं की एक निळा पडदा ती की मागतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते आणि मोबाईलवरूनही बघता येते. आजच लॉगिन करून बघा आणि कागदावर उतरवून गॅसच्या पुस्तकाच्या डब्यात ठेवा. की नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं एक पानही कोणी उघडून देऊ शकत नाही.

१. खरंच फेल झालंय का, ते आधी बघा

'अपडेट फेल' म्हणून ज्यांनी मला बोलावलं त्यातल्या निम्म्या घरांत काही फेल झालंच नव्हतं.

एक प्रकार म्हणजे टक्के हलत नाहीत. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या मशीनवर एकाच आकड्यावर तासभर थांबणं नवलाचं नाही. वरण-बट्टीचा बेत करा, बट्ट्या उकडून, तळून, जेवणं उरकेपर्यंत तिकडे बघू नका. कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा लुकलुकतोय ना? मग काम चालू आहे. तीन-चार तास आकडा तोच, दिवाही मेलेला, तेव्हाच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा. आणि 'बदल मागे घेतोय' अशा अर्थाची ओळ दिसत असेल तर अजिबात हात लावू नका. तेव्हा मशीन स्वतःच स्वतःला सावरत असतं.

दुसरा प्रकार म्हणजे रीस्टार्ट बाकी आहे. रोज रात्री शटडाऊन करणारे म्हणतात, आम्ही तर रोज बंद करतो. पण 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाऊन म्हणजे अर्धी झोप असते. विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. पूर्ण ताजी सुरुवात रीस्टार्टनेच होते. आधी एकदा रीस्टार्ट करा, मग तक्रार.

तिसरा प्रकार म्हणजे विंडोज १०. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर अपडेट येत नसेल तर तो बिघाड नाही. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा योजना ठेवलेली आहे. मशीन २२एच२ या विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्तीवर असेल तर विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची ओळ दिसते, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे न देता नोंदणी होते. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. माझा चौथ्या पिढीचा आय३ त्यात बसत नाही. 'बसवून देतो' म्हणणारे बरेच भेटतात. पण अशा आडमार्गाने चढवलेल्या विंडोजला पुढची अपडेटं मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे एक दुखणं काढायला जाऊन तेच दुखणं विकत घ्यायचं.

२. कोड उतरवून घ्या

सेटिंग्ज, मग विंडोज अपडेट, मग अपडेट हिस्टरी. विंडोज १० मध्ये हे 'अपडेट अँड सिक्युरिटी'च्या आत आहे. फेल झालेल्या अपडेटच्या नावात केबी आणि पुढे सात आकडे असतात. तो केबी क्रमांक आणि शून्य-एक्सने सुरू होणारा कोड, दोन्हींचा फोटो काढा. शून्य-एक्स सगळ्या कोडांना सारखाच असतो, म्हणून खाली मी पुढचाच भाग लिहितेय. पायऱ्या क्रमानेच करा, पण कोडासमोर लिहिलेल्या पायरीवर जास्त लक्ष द्या:

- ८००७००७०: डिस्कवर जागा नाही. पायरी ४.
- ८००७२ईई२ किंवा ८०२४४०२सी: मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही. पायरी ५.
- ८००७००२०: लागणारी फाईल दुसऱ्याच प्रोग्रॅमने धरून ठेवलीय, बहुतेक वेळा अँटिव्हायरसने. पायरी ६.
- ८००७३७१२ किंवा ८००एफ०८१एफ: विंडोजच्या स्वतःच्या फायली खराब किंवा गायब. पायरी ८.
- सी१९००१०१ने सुरू होणारे: आवृत्ती बदलताना एखादा ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, आडवा आला. पायरी ६, मग ९.
- ८००७०६४३: याला कारणं बरीच आहेत. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० वर हाच कोड घरोघर दिसला होता. डिस्कच्या कोपऱ्यातल्या छोट्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये (डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात) २५० एमबी जागा मोकळी हवी होती आणि ती बऱ्याच मशीनांत नव्हती. ते पार्टिशन मोठं करायच्या कमांड मिळतात, पण एक अक्षर चुकलं तर भलतंच पार्टिशन उडतं. बाकीची अपडेटं येत असतील तर याच्या वाटेला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत.

कोड गूगलवर टाकाल तेव्हा पहिल्या पानावर 'एका क्लिकमध्ये दुरुस्ती' करणारी फुकट सॉफ्टवेअरं दिसतील. एकही उतरवू नका. आणि मायक्रोसॉफ्टकडून बोलतोय म्हणून फोन आला, किंवा पडद्यावर भोंगा वाजवत एखादा फोन नंबर आला, तर तो चोर समजा. मायक्रोसॉफ्ट असा फोन करत नाही. दूरवरून स्क्रीन बघायचं ॲप टाकायला सांगून बँक रिकामी करतात. चुकून कोणी अडकलंच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

३. वीज आणि ऊन

पुण्या-मुंबईकडचे लोक ही पायरी लिहीत नाहीत, कारण त्यांना तिची गरज पडत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो आणि पत्र्याच्या खोलीत तर बोलायलाच नको. अपडेट चालू असताना प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही सलग राबतात. पंख्यावर कपाशीच्या हंगामातली धूळ साचलेली असली की मशीन तापून आपोआप बंद पडतं, आणि आपण म्हणतो अपडेटने बिघडवलं.

म्हणून अपडेट पहाटे करा. साडेपाचला लावलं की उन्हं चढायच्या आत उरकतं. आधी कॅबिनेट उघडून, प्लग काढून, मऊ ब्रशने पंखा झाडून घ्या. व्हॅक्यूमचं तोंड आत घालू नका, आणि तोंडाने फुंकूही नका, थुंकी उडते.

यूपीएसवर फार विसंबू नका. माझा ६०० व्हीएचा यूपीएस नवा होता तेव्हा बारा-पंधरा मिनिटं काढायचा. तिसऱ्या वर्षी बॅटरी दोन मिनिटांवर आली. अपडेटच्या आधी एकदा भिंतीवरचं बटण बंद करून किती टिकतो ते घड्याळ लावून बघा. हे बघताना कॉम्प्युटर नको, एखादा बल्ब जोडा. घराला इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा खटका असतो. तो यूपीएसवर ठेवा. नॉर्मलवर वीज बदलायला इतका वेळ जातो की पंखा फिरत राहतो पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. लॅपटॉपवाले सुखी, फक्त बॅटरी निम्म्याहून वर ठेवा आणि चार्जर काढू नका.

विंडोजने भलत्या वेळी स्वतःहून रीस्टार्ट घेऊ नये म्हणून 'ॲक्टिव्ह अवर्स' नावाची सेटिंग आहे. त्यात १८ तासांपर्यंतचा पट्टा देता येतो. मी सकाळी आठ ते रात्री अकरा दिलाय.

४. जागा करा

महिन्याच्या अपडेटला १० जीबी मोकळे असले की बरं. आवृत्ती बदलायची असेल तर २० जीबीहून जास्त ठेवा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाईल्स. इथे 'विंडोज अपडेट क्लीनअप' आणि 'टेम्पररी फाईल्स' यांच्यापुढे खूण करून पुसा.

इथे सर्वांत वाईट सापळा आहे. त्याच यादीत 'डाउनलोड्स' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढची खूण राहिली तर तुमचं डाउनलोडचं अख्खं फोल्डर साफ होतं. आपल्याकडे आधारची पीडीएफ, सातबारा, पीक विम्याची पावती, मुलांच्या मार्कशीट, सगळं तिथेच पडलेलं असतं. बटण दाबायच्या आधी ती खूण काढलीय ना, दोनदा बघा.

'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' ही ओळ दिसली तर ती जुन्या आवृत्तीकडे परतायची वाट आहे. आवृत्ती बदलल्यावर साधारण दहा दिवस ती राहते, मग विंडोज स्वतःच काढून टाकतं. नवीन आवृत्ती नीट चालतेय अशी खात्री झाल्याशिवाय घाई करू नका.

एवढं करूनही जागा नाही? मग लग्नाचे व्हिडिओ शोधा. दरवेळी तेच असतात.

५. नेट आणि तारीख

बऱ्याच घरांत ब्रॉडबँड नाही, मोबाईलचा हॉटस्पॉट असतो. दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक, आणि महिन्याचं एक अपडेटच कधी कधी एक जीबीच्या घरात जातं. पॅक संपला की वेग मुंगीचा होतो, डाउनलोड तुटतं, आणि आपण समजतो कॉम्प्युटर बिघडला. नव्या दिवसाचा पॅक रात्री बारानंतर चालू होतो, त्या वेळी सुरू करा, आणि मोबाईल चार्जिंगला लावून खिडकीत ठेवा.

वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' हा खटका आहे. डेटा वाचावा म्हणून घरातल्या पोरांनी कधीतरी तो चालू केलेला असतो आणि तो चालू असेतो विंडोज बहुतेक अपडेटं आपणहून उतरवत नाही. अपडेटपुरता बंद करा, नंतर पुन्हा चालू करा. घरात दोन कॉम्प्युटर असतील तर 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये घरातल्याच नेटवर्कवरच्या मशीनकडून घ्यायची परवानगी द्या, म्हणजे दुसऱ्याला बरंचसं पहिल्याकडूनच मिळतं.

आता तारीख. शेजारच्या आप्पांचा कॉम्प्युटर वीज गेली की २०१३ सालात जागा व्हायचा. नेट चालू, पण अपडेट जोडलं जाईना आणि बँकेची साइटही उघडेना. सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हरचं प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं. मशीनच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा रुपयाएवढा चपटा सेल असतो, तो संपला होता. घड्याळाच्या दुकानात चाळीस-पन्नास रुपयांत मिळतो. प्लग काढा, जुना सेल कोणती बाजू वर होती ते बघून नवा बसवा, तारीख-वेळ लावा. आप्पा दोन वर्षं नवीन कॉम्प्युटरसाठी पैसे साठवत होते.

६. आडवे येणारे बाजूला करा

प्रिंटर, पेन ड्राइव्ह, वेबकॅम, बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र, सगळं काढा. कीबोर्ड आणि माउस तेवढे ठेवा. बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर तो पूर्ण काढून टाका. तेवढ्या वेळापुरतं विंडोजचं स्वतःचं संरक्षण आपोआप चालू होतं, आणि माझ्या मते घरच्या वापराला कायमचंही तेच पुरतं. व्हीपीएन असेल तर बंद करा. मग सेटिंग्जमधल्या ट्रबलशूटच्या पानावर 'विंडोज अपडेट'चा ट्रबलशूटर चालवा. तो दहापैकी तीन-चार वेळाच कामाला येतो, पण नुकसान काही करत नाही.

७. अडकलेलं डाउनलोड फेकून द्या

अर्धवट उतरलेली फाईल विंडोज पुन्हा पुन्हा तीच वापरू बघतं. ती हलवली की बरेचदा गाडी रुळावर येते.

स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा. यादीत 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' सापडतील. दोन्हींवर उजवी क्लिक करून स्टॉप करा. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशन, डाउनलोड या फोल्डरात जा आणि आतलं सगळं पुसा. फक्त त्या डाउनलोडमधलं, बाहेरचं काही नाही. दोन्ही सर्व्हिस पुन्हा स्टार्ट करा, मशीन रीस्टार्ट करा, अपडेट नव्याने तपासा.

याच यादीत 'विंडोज अपडेट'पुढे 'डिसेबल्ड' लिहिलेलं दिसलं तर थांबा. जुना कॉम्प्युटर घेताना त्यात क्रॅक केलेलं किंवा कापून 'हलकं' केलेलं विंडोज टाकून दिलेलं असतं आणि अपडेट मुद्दाम मारून ठेवलेलं असतं. अशा विंडोजवर पुढच्या कुठल्याच पायरीचा भरवसा नाही. सिस्टिम, मग ॲक्टिव्हेशन इथे बघा. एक चांगली गोष्ट अशी की कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेल्या ब्रँडेड मशीनच्या मदरबोर्डमध्ये, मुळात विंडोज १० किंवा ११ घालूनच आलेल्या असतील तर, बहुधा अस्सल लायसन्सची की असते. स्वच्छ विंडोज टाकलं की ती आपोआप ओळखली जाते. म्हणजे क्रॅकची गरज मुळातच नव्हती.

८. दोन कमांड

स्टार्टमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' शोधा, उजवी क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. कमांड इंग्रजी अक्षरांतच टाईप करायच्या आहेत, मी फक्त उच्चार लिहितेय.

पहिली: डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ

प्रत्येक तिरक्या रेघेच्या आधी एक स्पेस, रेघेनंतर नाही. क्लीनअप आणि इमेजच्या मध्ये आडवी छोटी रेघ. 'रिस्टोअरहेल्थ' हा एकच जोडशब्द. ही कमांड चांगल्या फायली नेटवरून आणते, म्हणून नेट चालू हवं. बासष्ट टक्क्यांच्या आसपास ती बराच वेळ रुसून बसते. तिला बसू द्या.

दुसरी, पहिली पुरी झाल्यावरच: एसएफसी /स्कॅननाऊ

ही शेवटी सांगते की काही खराब सापडलं नाही, किंवा सापडलं आणि दुरुस्त केलं, किंवा काही दुरुस्त करता आलं नाही. तिसरं उत्तर आलं तर रीस्टार्ट करून दोन्ही पुन्हा एकदा चालवा. तरीही तेच आलं, आणि वर मशीन फायली उघडायलाही वेळ लावत असेल, कट-कट आवाज येत असेल, तर दोष अपडेटचा नाही, हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. सगळं सोडा आणि फोटो कॉपी करायला घ्या.

९. हाताने बसवा, नाहीतर वरून विंडोज चढवा

एकच अपडेट अडत असेल तर पायरी २ मधला केबी क्रमांक 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग'वर शोधा, तुमच्या आवृत्तीची आणि ६४ बिटची फाईल उतरवा, डबल क्लिक करून बसवा.

तेही नाही झालं तर दुरुस्तीचं इन्स्टॉलेशन. याने विंडोज नव्याने बसतं पण फायली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. फॉरमॅट वेगळं, हे वेगळं. दुकानदारांना दोन्ही माहीत असतं, पण फॉरमॅट लवकर उरकतं. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत सिस्टिम, रिकव्हरी या पानावर विंडोज अपडेटमधूनच विंडोज पुन्हा बसवायचं बटण आहे. विंडोज १० साठी, किंवा ते बटण नसेल तर, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून आयएसओ फाईल, म्हणजे अख्खं विंडोज एकाच फाईलमध्ये, घ्या. ही काही जीबींची असते, हॉटस्पॉटवर पुरायची नाही. मी नातेवाइकांकडे, जिथे ब्रॉडबँड आहे तिथे जाऊन पेन ड्राइव्हवर आणते. फाईलवर डबल क्लिक करून आतला सेटअप चालवा आणि 'फायली आणि ॲप ठेवा' हा पर्याय निवडा.

तो पर्याय करडा दिसत असेल, निवडताच येत नसेल, तर पुढे एक पाऊल टाकू नका. बहुतेक वेळा भाषा जुळत नसते. इंग्रजी विंडोजचे दोन प्रकार आहेत, अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय. तुमच्यात एक आणि फाईल दुसऱ्याची असली की प्रोग्रॅम राखता येत नाहीत. बरोबर भाषेची फाईल आणा.

१०. सुरूच होत नसेल तर

आखाजीला माझं हेच झालं होतं. चालू करा, लोगो दिसला की पॉवर दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा लागोपाठ केलं की विंडोज दुरुस्तीचा पडदा आणतं. एरवी हे करू नये, इथे नाइलाज आहे. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स, आणि त्यात 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट'. शेवटचं महिन्याचं अपडेट निघतं आणि बरेचदा डेस्कटॉप परत दिसतो. नाही दिसला तर त्याच पानावरची 'स्टार्टअप रिपेअर' करून बघा.

दिसला की लगेच अपडेट थांबवा. विंडोज अपडेटच्या पानावर पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. तसंही मी दर महिन्याला आठवडाभर थांबतेच. मायक्रोसॉफ्टची अपडेटं दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तोवर रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. मंगळवारी अमळनेरात मंगळग्रह मंदिराची गर्दी, आणि रात्री ही. पहिल्या लोंढ्यात शिरायची गरज नाही. एखादं अपडेट वाईट असेल तर चार-पाच दिवसांत बोंब होतेच. पण महिनोन्महिने थांबवू नका, त्यात सुरक्षेची डागडुजी असते.

११. दुकानात न्यायचंच असेल तर

काही वेळा न्यावंच लागतं. तेव्हा वहीतला कोड, केबी क्रमांक आणि काय काय करून झालं ते दाखवा. समोरच्याचा सूर लगेच बदलतो. काम देताना पावतीवर 'डेटा ठेवून' असं लिहून घ्या. फॉरमॅटशिवाय इलाज नाही असं म्हणाले तर सांगा, आधी डिस्क काढून केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स आणि डाउनलोड्स ही चार फोल्डरं कॉपी करा. बिटलॉकर असेल तर ते ४८ आकडे इथे लागतील. फायली किती आहेत त्यावर वेळ जातो, पण काम अवघड नाही. माझ्या सात पत्रिका अशाच बाहेर आल्या असत्या.

कॉपी झालेला पेन ड्राइव्ह तिथेच दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून घ्या. दोन-चार फोटो, एखादी पीडीएफ प्रत्यक्ष उघडून बघा, नुसती फोल्डरची नावं बघू नका. मग पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाका आणि त्यानंतरच फॉरमॅटला हो म्हणा.